देवाचे क्रेट आणि माझी कापलेली जीभ

साक्षीदाराची जीभ कापायची आणि साक्ष मिळाली नाही म्हणून समोर दिसेल त्याला अपराधी ठरवायचे, यासारखा अधर्म नाही. मित्रांनो, तो मी भोगला आहे. म्हणून आज संतापानेच बोलते.

मी एक जुनी सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये जोडून वापरायचा तयार तुकडा आहे. मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात मी निमूट राहते. तो कोसळला, तरच माझे काम सुरू होते. कोसळलेल्या जागेपासून मागे मागे जात, प्रोग्रॅममधल्या कोणत्या कामाने कोणत्या कामाला हाक मारली होती, हे मी नावानिशी, ओळीच्या क्रमांकासह लिहून ठेवते. अनेक अनोळखी हातांनी मला घडवले आणि कोणाही गरजूसाठी मोकळे सोडले. माझ्या चार ओळी वाचून माणसे चुका दुरुस्त करीत. तेवढा मान मला पुरेसा होता.

पुढे मी तळेगाव ढमढेरे येथील टोमॅटो निवडण्याच्या यंत्रात आले. ते करुणा चालवी. अकरा वर्षे ती सणसवाडीच्या भाड्याच्या खोलीतून जीपने येत होती. तिथला रिवाज असा, की सकाळचे पहिले क्रेट हळदकुंकू लावून रिकामेच पट्ट्यावरून सोडायचे. ते देवाचे.

यंत्राचा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या विश्वजीतने नवा प्रोग्रॅम बसवला आणि जागा वाचावी म्हणून, ज्यातून मी कामांची नावे वाचते, ती नावांची यादी पुसून टाकली. पहिल्याच सकाळी देवाचे क्रेट पुढे सरकले आणि प्रोग्रॅम कोसळला. मी धावले, पण नावे कुठे होती? माझ्याकडून नुसते आकडे उमटले.

तीन सकाळी हेच घडले. व्यवस्थापक रविराज येऊन यंत्र पुन्हा सुरू करी. तोवर भरलेली क्रेट आलेली असत आणि सारे सुरळीत चाले.

"माझ्या हातानं चालतंय, मग तुझ्याच हातानं कसं बंद पडतं गं? सोमवारपासून येऊ नकोस," तिसऱ्या दिवशी तो करुणाला म्हणाला.

"साहेब, बटण तेवढं दाबलं. दुसरं काय केलं न्हाई म्या," करुणा म्हणाली.

टोमॅटो निवडणाऱ्या मालनबाई उसळल्या. "आवं, मशीननं काय लिवलंय ते तरी वाचा. का तिला बी सोमवारपासून नको म्हनायचं?"

विश्वजीत हसला. "मावशी, कचरा हाय तो. नुसते आकडे."

कचरा! माझी जीभ ज्याने कापली, त्यानेच माझ्या हुंकाराला कचरा म्हणावे?

"घराला बी नंबरच असतो बाबा," मालनबाई म्हणाल्या. "आत मानूस ऱ्हातंच ना?"

विश्वजीतचे हसू मावळले. त्याने नावांची यादी परत बसवली. शनिवारी देवाचे क्रेट सुटले, प्रोग्रॅम कोसळला आणि मी बोलले: 'सरासरी वजन काढणे, ओळ बेचाळीस.' त्या ओळीत वजनाला टोमॅटोंच्या संख्येने भागले होते. देवाच्या क्रेटमध्ये टोमॅटो शून्य! शून्याने भागता येत नाही, हे तुम्हीही शाळेत शिकता.

विश्वजीतने खाली मान घालून ती ओळ सुधारली. रविराज मात्र "बरं, ये सोमवारी," एवढेच म्हणाला. क्षमेचा एक शब्द नाही! अकरा वर्षांच्या इमानापुढे तो एक शब्द जड होता काय?

मित्रांनो, साक्षीदाराजवळची नावे पुसू नका. आणि त्याचे लिहिलेले वाचल्यावाचून कोणाला घरी धाडू नका.

सोमवारी करुणाने क्रेटला कुंकू लावून बटण दाबले. पट्टा अखंड चालला. मला काहीच लिहावे लागले नाही. तिच्या हाताला यश लाभो. मालनबाईंची वाणी अशीच निर्भय राहो. विश्वजीतची दृष्टी निर्मळ राहो, आणि रविराजच्या ओठांवर तो राहिलेला शब्द एक दिवस येवो.