रविवारचा पाव

"पण तुम्ही स्वतः का खात नाही?" पाळकांनी विचारलं आणि पाववाल्याचे पिठात रुतलेले हात तिथेच थांबले.

शनिवार होता. साडेअकराचा सुमार. सकाळचं गिऱ्हाईक येऊन गेलं होतं आणि रॅकवर कडा करपलेले चार-दोन बन तेवढे उरले होते. चर्चच्या मंडळीत नुकतेच आलेले हे तरुण पाळक उद्याच्या उपासनेतल्या प्रभुभोजनाचा पाव सांगायला आले होते. एरवी हे काम चर्चचा शिपाई करी, पण त्याचा पाय मुरगळला होता. आले, बाकड्यावर टेकले, आणि बसल्या बसल्या नको तो प्रश्न विचारून मोकळे झाले.

प्रश्न खरा होता. गेली सव्वीस वर्षं मंडळीच्या टेबलावरचा पाव या भट्टीतून जात होता. त्यांतली शेवटची अकरा वर्षं पाववाल्याने त्याचा कणही तोंडात घातला नव्हता. लोक त्याचा तुकडा घ्यायला रांगेने पुढे जात, तेव्हा हा शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसे. सुरुवातीला कुजबुज झाली. मग हळूहळू कुजबुजीचा आदर झाला. देवाचं भय असावं तर असं, असं म्हातारी माणसं म्हणू लागली. आया आपल्या पोरांना तो बाक दाखवू लागल्या. हे सगळं पाववाल्याच्या कानावर येई आणि त्याला ते अगदीच नकोसं वाटत नसे. ही गोष्ट मात्र त्याने कोणापाशी कबूल केली नसती.

हात पुसून त्याने पाळकांना समजावून सांगितलं. धाकट्या भावाच्या मनात आपल्याबद्दल अढी आहे. आणि भावाशी बिनसलेलं असताना वेदीपाशी आलात तर दान तिथेच ठेवा, असं खुद्द येशूने सांगून ठेवलंय. म्हणून आपण पाव देतो आणि मागे बसतो. अकरा वर्षांत एक रविवार चुकवला नाही.

पाळकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दान ठेवा, आणि पुढे काय करा म्हणाला?"

पाववाल्याने पिठाकडे बघितलं. "जा म्हणाला. भावाकडे."

"मग तुम्ही अजून इथे कसे?"

पाववाल्याची कानशिलं तापली. परवा मिसरूड फुटलेला हा माणूस, आणि आपल्याला शिकवतोय. त्याने मग आपली अडचण मांडली. भाऊ राहतो बसने पाच तासांवर. आठवड्याचे सहा दिवस भट्टी असते, आणि रविवारी जावं म्हटलं तर मंडळीचा पाव कोण करणार? देवाचं काम टाकून जायचं कसं?

पाळक अगदी साधेपणाने म्हणाले, "उद्यापुरता दुकानातून पाकिटातला आणू."

काउंटरवर ट्रे पुसत असलेली पाववाल्याची बायको फस्सकन हसली. पाकिटातला पाव हा शब्द या घरात कोणी उच्चारत नसे. पण हसून झाल्यावर ती नवऱ्याच्या बाजूने काही बोलली नाही. तीन आठवड्यांपूर्वी पुतण्याचा फोन आला होता. बाबांच्या छातीत पाणी झालंय, दादा दादा करतात, काकांना सांगा. फोन तिनेच घेतला होता. त्यावर पाववाला "बघू" म्हणाला होता. तेव्हापासून तिने तीनदा नवऱ्याची पिशवी भरली होती आणि तीनदा रिकामी केली होती.

"एकची बस आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी सहाला पोचाल. पाव मी भाजते."

"तुला त्या भट्टीचा अंदाज नाही."

सव्वीस वर्षं त्याच भट्टीसमोर घाम गाळलेल्या बाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पाववाला जरा वरमला, पण मागे हटला नाही. पीठ आत्ताच मळलंय, त्याला फुगायला दोन तास हवेत, तीनला पाव निघेल, आणि उद्या पहाटे पाचची पहिली बस आहेच. एका रात्रीने असं काय आभाळ कोसळतंय? पाळक उठले. दारातून वळून "एकची बस," एवढंच पुन्हा म्हणाले आणि गेले.

दोघा भावांचं बिनसलं होतं ते बापाच्या मातीवरून. बाप याच भट्टीवर म्हातारा झाला आणि आतल्या खोलीत तीन महिने अंथरुणाला खिळून गेला. धाकटा ट्रकवर होता, आज इथे तर उद्या तिथे. बापाचं सगळं थोरल्याने केलं, हागणं-मुतणंसुद्धा. आत कुठेतरी त्याची चीड साठत गेली. बाप गेला त्या सकाळी धाकट्याचा वाटेतून फोन आला. पूल बंद आहे, लांबून वळसा घालून येतोय, चारपर्यंत पोचतो. थांब दादा, तोंड तरी बघू दे. माती दहाला ठरली होती. खड्डा तयार होता, माणसं जमली होती, सहा तास काढता आले असते. पण थोरल्याच्या मनाने घेतलं की, भोगू दे त्याला. साडेदहाला त्याने शवपेटीचे स्क्रू स्वतःच्या हाताने आवळले.

धाकटा चारला आला तेव्हा ओल्या मातीचा ढीग तेवढा होता. त्याने थोरल्याकडे बघितलं. थोरला हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध होता. तो म्हणाला, "तुझ्यासाठी थांबायला बाबा म्हणजे काय बस होते?" बाजूला उभे असलेले दोघे हसलेसुद्धा. धाकट्याने मातीवर तळवा ठेवला, मग उठून ट्रककडे निघून गेला. वाक्य चांगलं जमलं, एवढंच थोरल्याला त्या घटकेला वाटलं होतं. त्यानंतर अकरा वर्षांत ते वाक्य त्याला किती वेळा ऐकू आलं, ते त्याचं त्याला माहीत.

एकची बस दुकानावरून गेली. पाववाल्याने मान वर केली नाही. आज त्याने एकाऐवजी दोन पाव लावले होते. एक मंडळीचा आणि एक धाकट्यासाठी. लहानपणी आई गरम पाव कापायला घेई तेव्हा पहिल्या टोकासाठी दोघांची मारामारी होई. पावाला टोकं दोन असतात हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण पहिलं ते पहिलं. आई ते थोरल्याला देई आणि धाकटा रडून घर डोक्यावर घेई. या पावाचं टोक पाववाल्याने मुद्दाम मोठं वळलं. भट्टीपुढे उभा राहून तो काय बोलायचं ते मनातल्या मनात म्हणून बघत होता. चुकलो. माझं चुकलं. चुकलो रे. शेवटचं बरं वाटत होतं, पण अकरा वर्षांनी 'रे' म्हणायचा हक्क उरलाय का, ते त्याला ठरवता येईना. तीनला पाव निघाले. इतके देखणे पाव त्याच्या हातून कित्येक महिन्यांत उतरले नव्हते. त्या दुपारी पाववाला खुशीत होता.

संध्याकाळी दुकान बंद करताना फोन वाजला. बायकोने घेतला, ऐकला आणि ठेवला. मग ती येऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसली.

"गेले," ती म्हणाली. "साडेसातला. उद्या दहाला माती आहे."

पाववाल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एकची बस सहाला पोचते. सहा ते साडेसात, दीड तास. दीड तासात माणूस किती बोलू शकतो? 'चुकलो रे' म्हणायला तर श्वासभरही वेळ लागत नाही. रॅकवर दोन पाव शेजारी शेजारी निवत ठेवले होते. त्यांच्याकडे बघून त्याला पहिल्यांदा आपल्या हातांची किळस आली. बायको त्याला काही बोलली नाही. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पहाटे तो पिशवीत धाकट्याचा पाव घेऊन बसमध्ये बसला. मंडळीचा पाव चर्चमध्ये पोचवायचं बायकोने कबूल केलं. पाचची बस दहाच्या ठोक्याला पोचवते. पण अर्ध्या वाटेवर, आजूबाजूला चिटपाखरू नाही अशा ठिकाणी, खालून खडाड असा आवाज झाला आणि बस कडेला लागली. ड्रायव्हर आडवा होऊन बसखाली शिरला. कंडक्टर बिचारा भला माणूस होता. त्याने आपला फोन सगळ्यांपुढे फिरवला, कोणाला घरी कळवायचं असेल तर कळवा म्हणाला. सगळ्यांनी कळवलं. पाववाल्याच्या खिशात पुतण्याच्या नंबराचा कागद होता. फोन त्याच्यासमोर आला तेव्हा त्याने मान हलवली. पुतण्याला सांगायचं तर काय सांगायचं? थांबा, मी येतोय? हे शब्द एकदा त्याच्या स्वतःच्या कानावर आले होते, आणि त्यांचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. कंडक्टर पुढे गेला.

दहा वाजले तेव्हा तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. साडेदहा वाजले. आता स्क्रू आवळत असतील, त्याच्या मनात आलं. त्याने पिशवी पोटाशी धरली आणि लोकांकडे पाठ करून तो रडला.

दुसरी बस मिळून तो पोचला तेव्हा पावणेचार झाले होते. घरी जाण्यात आता अर्थ नव्हता. विचारत विचारत तो सरळ दफनभूमीवर गेला. ओल्या मातीचा ढीग त्याला लांबूनच दिसला. पण जवळ गेल्यावर पाहतो तो शेजारी खड्डा रिकामा. खणणारे दोघे फावडी बाजूला टाकून झाडाखाली बसले होते.

"झालं का?" पाववाल्याने विचारलं.

"कुठलं झालं? सकाळी नऊपासून बसलोय," त्यांतला एक म्हणाला. "कोणी मोठा भाऊ यायचाय म्हणे. तो आल्याशिवाय आणत नाहीत."

पाववाला ढिगाशेजारी मातीवरच बसला. त्या माणसाने उठून त्याला बाटलीतलं पाणी दिलं, आणि मग त्याच्याकडे नीट बघितल्यावर काही न विचारता घराचा रस्ता दाखवला.

घर दोन खोल्यांचं होतं. बाहेर पायऱ्यांवर माणसं बसली होती, आत भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या. तिथल्या पाळकांनी संध्याकाळची उपासना दुसऱ्या कोणावर सोपवली होती. सकाळपासून या घरात कोणी काही खाल्लेलं नव्हतं, ते चेहऱ्यांवरून कळत होतं. मधोमध पेटी होती, उघडी. झाकण भिंतीला टेकून उभं होतं आणि शेजारी स्टुलावर एका बशीत चार स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर ठेवलेला होता. पाववाला दारात आला तसे सगळे त्याला वाट द्यायला उठले. कोणी घड्याळाकडे बघितलं नाही.

भावजय उठून त्याच्यापाशी आली. पुतण्या तिच्या मागे उभा राहिला, थेट बापासारखा, खांदे थोडे पुढे काढून.

"बस बिघडली," पाववाला म्हणाला. "मी कळवलं नाही. मला वाटलं..."

"असू दे, भाऊजी. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. दादा आल्याशिवाय झाकण लावायचं नाही, किती का उशीर होईना." ती जरा थांबली. "म्हणाले, बाहेर मातीपाशी उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. त्याच्यावर ती वेळ आणू नका."

पाववाला पेटीपाशी गेला. धाकट्याचे केस पांढरे झाले होते. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कपाळावर हात ठेवावा म्हणून त्याने हात पुढे केला, तर नखांच्या कडांना कालचं पीठ वाळून बसलेलं. तोच हात त्याने ठेवला.

"चुकलो रे," तो म्हणाला. 'रे' आपोआप आला. धाकट्याला आता त्याचा काही उपयोग नव्हता. सगळा जन्म ज्याला उत्तरं सुचत आली, त्याला काही म्हणता काही सुचलं नाही.

त्याने मग पिशवीतून पाव काढला आणि भावजयीच्या हातात दिला. हे त्याच्यासाठी केलं होतं, असं तो म्हणाला, आणि ते ऐकताना त्यालाच ते फार खुळ्यासारखं वाटलं. भावजयीने सुरी शोधली नाही. उभ्या उभ्या तिने पाव हाताने मोडला. पहिलं टोक तिने बाजूला ठेवलं आणि बाकीचे तुकडे खोलीत सगळ्यांना दिले, पाळकांना दिले, पायऱ्यांवरच्यांना पाठवले. लोक हळूहळू खाऊ लागले. शेवटी तिने ते टोक पाववाल्यापुढे धरलं.

"हे तुमचं."

"हे त्याचं आहे. मी मुद्दाम मोठं केलंय."

"या घरात ते पहिलं टोक कधी खायचे नाहीत, भाऊजी. पोरांनाही देत नसत. म्हणायचे, दादाचं आहे."

पाववाल्याने ते घेतलं. पाव कालचा होता, कडा कडक झाल्या होत्या. अकरा वर्षांनी त्याने सगळ्यांच्या बरोबर बसून घास तोंडात घातला. डोळ्यांचं पाणी तोंडात येत होतं आणि घास तसाच घोळत होता.

पुतण्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, काकांकडे बघितलं, आणि आवाज न करता तो पुन्हा बशीत ठेवला.