आतली शिवण

उस्तादांचं पोट गाडीच्या शेपटात अडकलं ते अडकलंच. डोकं आणि दोन्ही हात आत, पाय बाहेर, आणि मधल्यामध्ये पोट. आतून दबलेला आवाज आला, "ओढ गं." तिनं पाय धरून ओढलं तर एक बूट हातात आला. तो बाजूला ठेवून तिनं पुन्हा ओढलं, तेव्हा कुठे उस्ताद इंचाइंचानं बाहेर आले. कपाळाला ग्रीस, श्वास लागलेला. दुसऱ्या कुणाची ही गत झाली असती तर ती पोट धरून हसली असती. उस्तादांच्या बाबतीत तिला वाटलं, असाच अडकून राहिला असता तर बरं झालं असतं.

तीन वर्षं ती या वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम शिकत होती आणि तीन वर्षं हे असं काहीतरी मनात म्हणत होती. तोंडानं मात्र "उस्ताद, पाणी देऊ?"

गाडी म्हणजे *ती* गाडी. बावीस वर्षांपूर्वी याच छपराखाली हातानं घडवलेली, नुसत्या अॅल्युमिनियमची, रंगाचा एक थेंब न लावलेली. तिचं शेपूट माशासारखं निमुळतं होत गेलेलं आणि त्यावर कुठे सांधाच दिसत नाही. दोन पत्रे आतून वेल्डिंगनं शिवलेले आहेत, एवढंच जाणकारांना कळायचं. पण इतक्या अरुंद जागेत शिरून, पत्रा न वाकवता ती शिवण कुणी कशी घातली, यावर लोक अजून वाद घालत. उस्तादांचं सगळं नाव या एका शिवणीवर उभं होतं. ऑफिसच्या भिंतीवर वर्तमानपत्रातला फोटो फ्रेम करून लावला होता. गाडीशेजारी हाताची घडी घालून उस्ताद, आणि फ्रेमच्या कडेला, अर्धं कापलेलं, कुणाचं तरी कोपर.

ते कोपर तिच्या बापाचं होतं.

बाप तेव्हा या वर्कशॉपात अर्ध्याचा भागीदार होता. गाडी गाजली आणि महिन्याभरात दोघं एकमेकांच्या उरावर बसले. शिवण कुणाची? हा म्हणे माझी, तो म्हणे माझी. शेवटी बाप बाहेर पडला आणि पुढचं सगळं आयुष्य लोकांच्या खिडक्यांना जाळ्या बसवत राहिला. रोज जेवायला बसला की पहिल्या घासाबरोबर उस्तादांचा उद्धार. "हात माझा, नाव त्या चोराचं." पोरीला बाळकडू पाजलं गेलं ते हेच. तिला नीट चालता येत नव्हतं तेव्हापासून तिला माहीत होतं की जगात एक चोर आहे आणि तो कुठे राहतो.

अठरा वर्षांची झाली तेव्हा तिनं घरी सांगितलं, मी त्याच्याकडेच काम शिकायला जाणार. तिला वाटलं होतं, बाप पाठ थोपटेल. बाप उलट भडकलाच. "त्या दारात पाऊल टाकलंस तर खबरदार." किती मानी माणूस, असं तिला वाटलं आणि सुडाची इच्छा आणखीच पक्की झाली. आई नेहमीप्रमाणे काही बोलली नाही. सकाळी डबा मात्र भरलेला होता.

उस्तादांनी तिला पाहताक्षणी ओळखलं. नाक बापाचंच, ओळखणार नाहीत तर काय. बराच वेळ तिच्याकडे बघून म्हणाले, "शिकवीन. पण जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत."

शिकवलं मात्र हातचं न राखता. हे तिला सगळ्यात जास्त खुपायचं. चोरानं कसं चोरासारखं वागावं. पहिले सहा महिने नुसती वाळूची पिशवी आणि लाकडी मोगरी. सपाट पत्रा ठोकून ठोकून त्याचं वाडगं करायचं, वाडगं बिघडलं की दुसरं. मग वेल्डिंगची टॉर्च हातात आली आणि तिनं इतकी भोकं पाडली की उस्ताद म्हणाले, पत्रा नाही, चाळण केलीस. अॅल्युमिनियम फसवं. लोखंडासारखं लाल होऊन आधी सांगत नाही. शांत चकाकतं आणि एकदम गळून पडतं. तिनं हे शिकून घेतलं, पत्र्यासाठी आणि स्वतःसाठीही. आतून कितीही तापलं तरी लाल व्हायचं नाही.

आणखी एक गोष्ट उस्तादांनी शिकवली, ती त्यांनी शिकवायला नको होती. टिग वेल्डिंगची रेघ म्हणजे माशाचे खवले, एकावर एक. प्रत्येक खवल्याची फुगीर बाजू सुरुवातीकडे असते. "उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडे जातो," ते म्हणाले होते, "डावखुरा उलटा. केलेलं काम लपत नाही, पोरी. रेघ बघितली की माणूस कळतो."

तेव्हापासून तिच्या खिशात एक पट्टी होती. बोटभर अॅल्युमिनियमची, तिच्यावर अक्षरांचे ठसे ठोकून बापाचं नाव. एक ना एक दिवस ती गाडी दुरुस्तीला येईल, मग ती स्वतः आत शिरेल, रेघ बघेल. बापाच्या हाताची रेघ ती झोपेतही ओळखली असती. घराच्या सगळ्या जाळ्या त्याच्याच होत्या. मग सगळ्यांसमोर गाडीवरची उस्तादांच्या नावाची पट्टी उपटायची आणि ही ठोकायची. इतकंच. त्यासाठी तिनं तीन वर्षं त्या माणसाला चहा करून दिला होता.

आणि एक दिवस गाडीच्या मालकानं ती मागे घेताना खांबाला ठोकली. बाहेरचा पोचा उस्तादांनी दोन दिवसांत काढला, आरशासारखा. पण आतून कर्रकर्र आवाज येत होता. आतली शिवण कुठेतरी तडकली होती. ती दोनदा म्हणाली, मी आत जाते. दोन्ही वेळा उत्तर एकच, "ते मी बघतो." बघितलं ते असं, पोटापर्यंत.

"आता जाऊ?" तिनं विचारलं.

उस्ताद बूट घालत राहिले. नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. मालक तर उद्या दुपारी गाडी न्यायला येणार होता. शेवटी ते म्हणाले, "तडा बघ आणि बाहेर ये. बाकी कशाला हात लावू नकोस."

ती बॅटरी तोंडात धरून सरपटत आत गेली. आत शिरायची वाट एकच, आणि शिरलं की उजवा खांदा पत्र्याच्या फासळीखाली दाबला जायचा. हलायला मोकळा राहायचा तो फक्त डावा हात. समोर ती शिवण. तिनं आजवर असं काम बघितलं नव्हतं. बारीक, एकसारखी, कुठे घाई नाही, कुठे जास्तीचा थेंब नाही. बॅटरीच्या उजेडात पत्रा इतका चकाकत होता की तिला क्षणभर खवले नीट दिसेनात. मग दिसले. फुगीर बाजू डावीकडे.

रेघ डावीकडून उजवीकडे गेली होती.

उस्ताद उजवे. चोर सापडला! तिचा हात पट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला. बापही उजवाच होता. डाव्या हातानं त्याला साधा चमचा धरता येत नसे.

"काही दिसतंय का?" बाहेरून उस्तादांनी विचारलं. आवाज बेताचा होता. तीन वर्षांत ते तिच्याशी इतक्या बेतानं कधी बोलले नव्हते.

"तडा दिसतोय," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा आई ओट्याशी कांदा चिरत होती. बाहेरच्या खोलीत बाप पेपर वाचत होता. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि आईच्या हाताकडे बघत उभी राहिली. तो हात तिनं जन्मापासून बघितला होता. कांदा डाव्या हातानं, वाढणं डाव्या हातानं, लहानपणी दिलेला धपाटाही डाव्याच हाताचा.

"त्या गाडीची शिवण तडकलीये," ती म्हणाली.

सुरी चालतच होती. "उजव्या टोकाला असेल," आई म्हणाली. "तिथं रॉड संपला होता. रेघेच्या टोकाचा खड्डा भरायचा राहिला, तिथूनच तडकणार."

तडा उजव्या टोकालाच होता. ती खाली बसली.

मग आईनं सांगितलं, कांदा चिरता चिरताच, शेजारणीची गोष्ट सांगावी तसं. लग्न झाल्यावर ती डबा घेऊन वर्कशॉपात जायची. बघून बघून भंगारावर हात बसवला. सगळे हसायचे. मग त्या गाडीचं शेपूट आलं. दोघा पुरुषांनी आत शिरून दोन शेपटं वाया घालवली. खांदे मावेनात, उजवा हात वळेना. ही बारीक, वर डावखुरी. चार दिवस आत पडून तिनं ते शिवलं. फोटोवाले आले त्या दिवशी तिला घरी पाठवलं, पाहुण्यांच्या स्वयंपाकाला. बाईनं शिवलंय म्हटलं तर गाडी कोण घेणार, असं दोघांचं एकमत झालं होतं. भांडण नंतरचं. दोघांतल्या कुणाचं म्हणायचं, यावरून.

"म्हणजे दोघांना माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं? म्हणून तर कुणी कुणाला आत डोकावू देत नाही."

"आणि तू बावीस वर्षं गप्प बसलीस."

आईनं सुरी खाली ठेवली. "मी तोंड उघडलं असतं तर त्याच दिवशी दोघं पुन्हा एक झाले असते," ती म्हणाली. "गप्प बसले, म्हणून एकमेकांना खात बसलेत."

"तुला राग नाही आला?"

"आला की. तोच तर जपून ठेवलाय."

बाहेरून बापानं हाक मारली, जेवायला किती वेळ. आईनं हात धुतले, पदराला पुसले. मग हळूच विचारलं, "टॉर्च तीच आहे का गं अजून? छोट्या मुठीची?"

जेवताना बापानं पहिला घास घेतला आणि सवयीनं सुरुवात केली, "त्या चोरानं..."

"उद्या आईला वर्कशॉपात नेतेय," ती म्हणाली. "तिथं उजवा हात वळत नाही."

बापाचा घास हातातच राहिला. आई त्याच्या ताटात डाव्या हातानं भात वाढत होती. त्या रात्री त्या घरात उस्तादांना एकही शिवी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी वर्कशॉपाच्या दारातून आत आल्या तेव्हा उस्ताद उभे होते ते स्टुलावर बसले. "वहिनी," एवढंच म्हणाले. आईनं मान हलवली आणि सरळ बाकापाशी गेली. मागून दहा मिनिटांत बापही आला. घरी बसवलं नसावं. बावीस वर्षांनी तो उंबरा ओलांडताना अडखळला, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

मालकही वेळेआधीच आला, दोन दोस्तांना घेऊन. या बाई कोण, त्यानं विचारलं. उस्तादांनी बापाकडे बघितलं, बापानं उस्तादांकडे.

"ज्यांनी शेपूट शिवलं होतं, त्या," तीच म्हणाली. "राहिलेला खड्डा भरायला आल्यात."

मालकानं एकदा आईकडे बघितलं, एकदा दोघा पुरुषांकडे. मग हातातली किल्ली खिशात टाकली आणि बाजूला उभा राहिला.

"हात बसवायला तुकडा दे," आईनं तिला सांगितलं. "त्याच जाडीचा."

तिनं खिशातून बापाच्या नावाची पट्टी काढली. दुरुस्तीसाठी गाडीवरून उतरवून ठेवलेली उस्तादांच्या नावाची पट्टी बाकावरच होती. दोन्ही तिनं कडेला कड लावून आईसमोर ठेवल्या. आईनं नावं वाचली. वाचली हे सगळ्यांनी बघितलं. मग मास्क खाली ओढला, टॉर्च डाव्या हातात घेतली, आणि डावीकडून उजवीकडे निघाली. पहिले चार खवले वेडेवाकडे पडले, दोन्ही नावांची अर्धी अक्षरं वितळली. नंतर हात बसला. टोकाला पोचल्यावर ती घाईनं उठली नाही; रॉड टेकवून खड्डा पुरता भरला आणि मगच टॉर्च उचलली. जोडलेली पट्टी तिनं बादलीतल्या पाण्यात टाकली. ती चर्रर्र झाली.

साडीचा पदर खोचून आई शेपटात शिरली. खांदे गेले, कंबर गेली, पाय गेले. अजूनही मावली. आतून बॅटरीचा उजेड सांध्यातून हलताना दिसला, मग स्थिर झाला. बाहेर एका बाजूला उस्ताद, दुसऱ्या बाजूला बाप, मध्ये गाडी. काय करावं हे दोघांनाही कळत नव्हतं.

"गॅस उघडा कुणीतरी," आतून आई म्हणाली.

दोघंही एकदमच सिलिंडरकडे धावले.