मिस्साला आलेला राकस

मित्रांनो, माझ्या पोटात एका कोंबडीने सात अंडी घातली होती. हसा खुशाल! पण मी खुराडं नव्हे. मी शिरोड्याची एक जुनी पायपेटी आहे. माझा भाता पायांनी चालतो, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहतात. याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा चालवून घ्या.

सावंतवाडीच्या एका कारागिराने मला फणसाच्या लाकडात घडवलं आणि पेटीवादक डॉमिंगोने घरी आणलं. रविवारी तो मला चॅपेलात मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला वाजवायचा आणि जत्रांच्या दिवसांत बाबलीच्या दशावतारी मंडळीत. तिथे राकस, म्हणजे नाटकातला राक्षस, रंगमंचावर यायचा तो माझ्या सुरांवर. खाली धुम्म धुम्म, मग अचानक वर एक किंचाळी! पोरं आयांच्या पदरात शिरायची आणि एका डोळ्याने पुन्हा बघायची. मी देवाचंही वाजवलं आणि राकसाचंही. एवढं भाग्य किती पेट्यांना मिळतं?

मग ती सकाळ आली. रात्रभर नाटकाला वाजवून डॉमिंगो न झोपता तसाच मला टेम्पोत घालून चॅपेलात आला. पाद्रींनी हात वर केले, सगळे उभे राहिले. डॉमिंगोचे डोळे मिटत होते आणि बोटं सवयीने चालत होती. त्याने स्तोत्राऐवजी राकसाचा प्रवेश वाजवला! पुढच्या बाकावरची फ्रान्सिस्का फसकन हसली, आणि तिच्यामागून सगळं चॅपेल. पाद्रीसुद्धा हसले. डॉमिंगो मात्र कानापर्यंत लाल झाला. कोणी रागावलं नाही, तरी घरी येऊन त्याने माझं झाकण लावलं, ते नऊ वर्षं उघडलं नाही.

मी पडवीत गेले. उंदराने भाता कुरतडला. मागची फळी निखळली, तिथून कोंबडी शिरली. पण खरं सांगते, मला डॉमिंगोचा राग कधी आला नाही. तो वाजवत नव्हता, पण रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसायचा. फळीचं त्याला कळलंच नाही, कारण धूळ पुसून तो लगेच निघून जायचा, जास्त वेळ माझ्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

त्याची मुलगी ग्लोरिया गावच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी तिने राकसाचं एक गाणं रचलं. तिने अंडी काढली, भात्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आणि मला शाळेत नेलं. गाणं असं होतं:

राकस रडता माडाखाली, राकसाचो दात दुखता,
आये, सोलकढी घाल गो, तिखट खावन जीभ सुकता!

पण ग्लोरियाला फक्त स्तोत्रं वाजवता येत. सरावात दुसरीतली दिव्या, मच्छीमाराची पोर, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, हो राकस नाय. हो मिसाक चल्लो!"

ग्लोरियाने घरी विनवलं, "पपा, माका राकस येणा नाय. तुमी वाजवा."

"एकदा हसा करून घेतलंय, ता पुरे," डॉमिंगो म्हणाला. मला वाटलं, संपलं. तो आता मला कधीच वाजवणार नाही.

तरी संमेलनाला तो आला आणि शेवटच्या रांगेत बसला. गाण्याच्या मध्ये ग्लोरियाने गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्याकडे शुभकामाआधी मोठं माणूस देवापुढे मागणं मांडतं आणि जमलेले सगळे होकार देतात, तसंच. दिव्याने हात जोडले.

"बा राकसा म्हाराजा! तुजो दात दुखता, तो बरो होव दे रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं कानावर पडल्यावर कोकणातला माणूस गप्प कसा बसेल? आईबाप, आजीआजोबा एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"आणि पोरांका खाव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज शेवटच्या रांगेतून आला. तो डॉमिंगोचा होता.

आता राकसाने यायचं होतं. ग्लोरियाने माझ्यावरून हात उचलले आणि मागे पाहिलं. सगळे थांबले. दिव्याला काही धीर निघेना. "डॉमिंगो आजोबा, राकस भायर उभो आसा! त्येका आत घेवा!"

डॉमिंगो उठला. माझ्यासमोर बसून त्याने दोन्ही पाय भात्यावर ठेवले. मग भात्यात वारा भरला. धुम्म धुम्म! आणि वर ती किंचाळी! पोरं किंचाळली, मोठी माणसं टाळ्या पिटत हसली. मित्रांनो, त्या क्षणी मी इतकी सुखावले की माझी एक पट्टी आपोआप वाजत राहिली. ट्यूबचा दोष म्हणा हवं तर.

कार्यक्रमानंतर फ्रान्सिस्का काठी टेकत आली. "रे डॉमिंगो, नऊ वर्सां खंय होतंस? त्या दिवशी मी तुका हसाक नाय. माका तो राकस आवडलेलो!"

 डॉमिंगोने माझं झाकण लावण्यासाठी हात नेला, आणि तसाच परत घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य बंद पडलं असेल, तर आधी उंदीर शोधा. उंदीर नसेल, तर ते कोणी बंद केलं ते शोधा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. मला उंदराने नव्हतं बंद केलं. मी त्या कोंबडीची, दिव्याची, ट्यूबच्या तुकड्याचीसुद्धा ऋणी आहे.

आता मी रविवारी पुन्हा चॅपेलात असते. मिस्सा संपतो, लोक बाहेर पडू लागतात, आणि दारात फ्रान्सिस्का मुद्दाम थांबून मागे बघते. डॉमिंगो पाद्रींकडे बघतो. पाद्री हळूच मान हलवतात.

धुम्म.