अर्धी तुझी, अर्धी माझी

मी कपडे बेतून देते. मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं आणि मी त्याच्या पायाशी गुडघे टेकून, तोंडात टाचण्या धरून पँटची लांबी ठरवते. एकवीस वर्षं हे काम मी आनंदानं केलं. बाविसाव्या वर्षी एकदा उठताना लघवीचे थेंब निसटले आणि तेव्हापासून मला उठण्याचीच धास्ती बसली. गिऱ्हाईक विचारायचं, झालं का? तोंडात टाचण्या असल्यानं उत्तर द्यावं लागत नसे, एवढंच बरं. मी आरशाची चौकट धरून, जीव मुठीत घेऊन उठायचे. शिंक आली तर संपलंच.

नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं ‘पाणी कमी पी’ म्हणून विषय मिटवला असता. म्हणून घरात हे फक्त माझ्या मोठ्या जाऊबाईंना माहीत होतं. त्यांचंही तेच होतं, आणि माझ्यापेक्षा दहा वर्षं जुनं. थोरले दीर गेल्यापासून त्या आमच्याकडेच राहतात. त्यांनी तीस वर्षं पाळणाघरात काढली आहेत. एका बिस्किटाचे दोन तुकडे करताना त्या इतक्या बारकाईनं बघायच्या की आपणही श्वास रोखून बघावं. घरातही तीच सवय. पेरू असो, बिस्कीट असो, नाहीतर वर्तमानपत्राची पुरवणी, अर्धी तुझी, अर्धी माझी. भावाभावांच्या वाटण्या झाल्या असत्या तरी आम्हा दोघींच्या कधी झाल्या नसत्या.

रुग्णालयात अभ्यासासाठी बायका हव्यात ही बातमी त्यांनीच आणली. ज्यांना लघवी धरून ठेवता येत नाही अशा बायकांवर एका नव्या गोळीचा प्रयोग चालू होता. तिथल्या सिस्टरनं आम्हाला सगळं नीट समजावलं. निम्म्या बायकांना औषध मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. कुणाला कुठली ते डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. रोज मापाच्या भांड्यात लघवी मोजून वहीत लिहायची. वापरलेले पॅड पिशवीत बंद करून आणायचे, त्यांचं वजन होणार. गोळी पाण्याबरोबर अख्खी गिळायची, तोडायची नाही, चावायची नाही. औषधानं तोंड कोरडं पडू शकतं, आणखी काही त्रास झाला तर तोही वहीत लिहायचा. आम्ही दोघींनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर दोन डब्या टेबलावर ठेवून जाऊबाई बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, “एकीला खरी आणि एकीला खोटी निघाली तर काय करायचं?”

त्यांचा हिशेब सरळ होता. दोघींच्या खऱ्या असतील तर वाटून घेण्यानं काही बिघडत नाही, दोघींच्या खोट्या असतील तरी नाही. आणि एकीचीच खरी असेल तर निदान दोघींना अर्धा अर्धा गुण येईल. मला हे इतकं पटलं की मीच सुरी आणली.

तिसऱ्या आठवड्यापासून माझं तोंड कोरडं पडू लागलं आणि मी पण कोरडी राहू लागले. चाळीस ग्रॅमचा पॅड तीन ग्रॅमवर आला. सिस्टरनं काटा दोनदा तपासला. दुकानात मी चौकटीला हात न लावता उठले आणि त्या दिवशी उगाचच चार गिऱ्हाइकांच्या पँटी दोन-दोनदा मापल्या. जाऊबाईंचंही तोंड कोरडं पडत होतं. म्हणजे खरी गोळी दोघींच्या पोटात पोचत होती, फक्त कुणाच्या डबीतली ते कळत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात जिना चढता चढता त्या थांबल्या. “अगं, मला सुटायलाच वेळ लागतोय. धार मध्येच अडते. वहीत लिहू का?”

मी म्हणाले, “आठवडाभर थांबा ना ताई.”

का म्हणाले ते मला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं असतं तर त्यांना अभ्यासातून काढलं असतं आणि माझ्याकडे माझी एकटीचीच डबी उरली असती. ती खोटी निघाली तर? पुन्हा ती चौकट, पुन्हा मांड्या आवळून उठणं. या भीतीपुढे मला त्यांची अडलेली धार दिसलीच नाही. त्यांनी वहीत लिहिलं नाही. माझ्या शब्दाबाहेर त्या सहसा जात नाहीत.

सहाव्या आठवड्यात, एका सकाळी, त्या तासभर बाथरूममध्ये होत्या. बाहेर आल्या त्या दाराला धरूनच. पोट खाली टम्म फुगलं होतं, हात लावू देईनात. एक थेंब झाला नव्हता. नवरा कामासाठी परगावी होता. मी गाडी बोलावली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून निघणारा आवाज मला आजही ऐकू येतो.

रुग्णालयात नळी घातली आणि पिशवीत सव्वा लिटर लघवी उतरली. जाऊबाई जरा माणसात आल्या. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. अभ्यासाचे डॉक्टर धावत आले. अशा वेळी कुणाला काय मिळतंय ते बघायची मुभा असते म्हणे. त्यांनी फोन केला, नंबर सांगितला, ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. “यांना खोटी गोळी मिळत होती. म्हणजे औषधाचा संबंध नाही.”

 त्यांची खोटी, तर माझीच खरी. माझ्याच डबीतलं अर्धं औषध त्यांच्या पोटात गेलं होतं, आणि मी ज्या भीतीनं त्यांना लिहू दिलं नाही ती भीतीच पोकळ होती.

औषध नाही म्हटल्यावर डॉक्टर दुसरं कारण शोधू लागले. जाऊबाईंची कंबर जुनी दुखरी, डाव्या पायाला अधूनमधून मुंग्या येत. एमआरआयचा फोटो काढला. मणक्यातली एक गादी सरकलेली दिसली. लघवीची नस दबली असावी, आज दुपारीच मोकळी करायला हवी, उशीर केला तर कायमचं जाईल, असं ठरलं. त्यांचं हृदय अशक्त आहे, भूल देण्यात धोका आहे, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. मग फॉर्म पुढे केला. नातेवाईक म्हणून सही मी करायची होती.

आता बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण बोलले तर आमची चोरी उघडी पडणार, सिस्टर काय म्हणेल, नवऱ्याला काय सांगायचं, आणि खरी निघालेली माझी डबी ते तिथल्या तिथे काढून घेणार. मला वाटलं, नसही दबलेली असेलच की, फोटोत दिसतंय. डॉक्टरांना जास्त कळतं. मी सही केली. शेजारी वेळ लिहायची होती. भिंतीवरच्या घड्याळात बघून मी लिहिली, अकरा चाळीस.

बारा वाजून गेल्यावर त्यांना हिरवा झगा घातला. इंजेक्शननं जीभ जड झाली होती, पण डोळे जागे होते. त्यांनी मला खाली वाकायला लावलं. “आपण वाटून घेतल्या, त्यानं तर नसेल ना झालं? त्यांना सांगितलंस ना तू?”

“सांगितलं,” मी म्हणाले.

“मग बरं. म्हणजे सगळा विचार करूनच ठरवलं असेल.” आणि त्या निवांत झाल्या. माझा हात हातात धरून त्यांनी डोळे मिटले.  त्या हाताचा एवढा धाक मला कधी वाटला नव्हता. तो सोडवून घ्यावा असं वाटत होतं आणि सोडवत नव्हता. मी घड्याळाकडे बघत बसले. साडेबारा. पाऊण. डॉक्टरांना गाठायला उठायचं ठरवलं, पण उठले नाही.

एक वाजता ढकलगाडी आली. मी मागोमाग गेले. लिफ्टचं दार उघडलं, गाडीची पुढची चाकं आत गेली, जाऊबाईंनी मान वळवून मला शोधलं आणि हसल्या. तेव्हा मी गाडीचा दांडा धरला. तो सोडा म्हणून वॉर्डबॉय ओरडला, तरी सोडला नाही.

डॉक्टरांना खाली बोलावलं. मी सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, “तोडून? कशानं?”

“सुरीनं.”

त्यांनी कपाळाला हात लावला. दिवसभर थोडं थोडं सुटावं म्हणून ती गोळी थराथरांची बनवलेली असते. तोडली की सगळं औषध एकदम अंगात उतरतं. अर्धीच असली तरी त्या वयाला, त्या मूत्राशयाला ते पुरेसं होतं. शस्त्रक्रिया थांबवली. दोन दिवस वाट बघू म्हणाले. सिस्टरनं माझ्याकडून डबी मागून घेतली.  

तिसऱ्या दिवशी नळी काढली. जाऊबाई पडद्यामागे गेल्या आणि मी बाहेर कानात प्राण आणून उभी राहिले. मापाच्या भांड्यात धार पडल्याचा आवाज आला. अडीचशे, सिस्टर म्हणाली. मी ढसाढसा रडले, आणि रडताना खाली ओलीही झाले. गोळी बंद होऊन दोन दिवस झाले होते.

घरी सोडायचे कागद सिस्टरनं त्यांच्या मांडीवर ठेवले. चष्मा लावून त्या एकेक पान वाचत होत्या. एका पानावर थांबल्या. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूनं ओळखलं. तोच फॉर्म होता, त्यावर तिरकी लाल रेघ, ‘रद्द, दुपारी १.१०’, आणि खाली माझी सही, शेजारी माझ्याच अक्षरात अकरा चाळीस. त्यांनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं.

“मी तुला विचारलं तेव्हा बारा वाजून गेले होते ना?”

“हो.”

त्यांनी कागद सारखे केले, चष्मा काढून घडी घातली. चहाबरोबर आलेला बिस्किटांचा पुडा खाटेवर होता. तो फोडून त्यांनी एक बिस्कीट काढलं. सवयीनं माझा हात पुढे गेला. त्या खिडकीबाहेर बघत ते अख्खं बिस्कीट सावकाश खात राहिल्या. मग दुसरं काढलं, आणि तेही तसंच खाल्लं.