दोन्हींवर चालणारी गाडी

नेवासा फाट्यावर गाडी थांबली तशी जयमाला आधी उतरली आणि मागं जाऊन डिकीच्या फटीशी वाकली. पाहणाऱ्याला वाटावं, बाई साडीच्या निऱ्या सावरतेय. तिनं श्वास आत ओढला. तापलेल्या रंगाचा वास, रबराचा वास आणि त्यांच्या आड सडक्या कांद्यासारखं काहीतरी. पुन्हा ओढला, तर काहीच नाही. ती सरळ उभी राहिली आणि वास पुन्हा आला.

‘आता काय हुंगतीस?’ भीमराजनं स्टिअरिंगवरूनच विचारलं.

‘वास येतोय.’

‘तुला झोपेत बी येतो. चहा घे, लेकीचं लगीन हाय आज. तोंड नीट कर.’

तिनं तोंड नीट केलं.

राहात्याला भीमराजचं गॅरेज होतं आणि ही गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. दोन दारांची, बिनटपाची, लांब नाकाची लाल परदेशी गाडी. पुण्याच्या भंगारातून सांगाडा आणून त्यानं ती उभी केली होती. इंजिन अँबेसिडरचं घातलं, गोल दिवे फुटले म्हणून चौकोनी बसवले. आणि दिवाळीनंतर त्याच्या डोक्यात गॅस शिरला. घरात वापरायची ती लाल टाकी डिकीत आडवी ठेवून पट्ट्यानं आवळली, नळी पुढं आणली, स्टिअरिंगखाली एक बटन बसवलं. एकीकडं फिरवलं की पेट्रोल, दुसरीकडं फिरवलं की गॅस. तेव्हापासून तो जयमालाला बाजारला, देवाला, माहेरी याच गाडीतून नेत होता, आणि ती जीव मुठीत धरून बसत होती.

मागून नवरीला आणि वऱ्हाडाला घेऊन टेम्पो आला. त्यातून काकासाहेब आणि छगन उतरले. काकासाहेब साखर कारखान्याच्या गाड्यांवर उभी हयात घालवून निवृत्त झालेले, छगन जीप चालवायचा. दोघांचा मुक्काम रोज संध्याकाळी भीमराजच्या गॅरेजात आणि विषय रोज एकच.

‘भीमा, अजून सांगतो,’ काकासाहेब बशीत चहा ओतत म्हणाले, ‘ते चौकोनी दिवे काढ. देखण्या बाईला चष्मा लावल्यागत दिसतंय.’

‘काका, तुमचं घोडं दिव्यापाशीच अडलंय,’ छगन म्हणाला. ‘नव्या गाड्यांला बघा, समद्यांला चौकोनी.’

‘दिवे मी सोसले रे. पण गॅस? असली गाडी गुरगुरली पाहिजे. ही स्टोव्हसारखी सूं करती. धड पेट्रोलची न्हाई, धड गॅसची न्हाई. खेचर केलं तिचं!’

‘मग खेचरच ओझं वाहतं की! लई झ्याक काम केलंय भीमानानानं.’

भीमराज मिशीत हसला. त्याला शिव्याही चालायच्या आणि स्तुतीही, फक्त बोलणं गाडीबद्दल पाहिजे.

जयमाला हातात कप धरून ऐकत होती. दिवाळीपासून हीच चर्चा. रूप, आवाज, चढावरचा दम, सगळं बोलून झालं. टाकी फुटली तर काय, हे एकाही बाप्यानं काढलं नव्हतं. तिनंच एकदा विचारलं, तर छगन म्हणाला, ‘वहिनी, घरात न्हाई का टाकी? तिच्यावर तर भाकरी करता.’ सगळे हसले. घरची टाकी खड्ड्यात आदळत नाही आणि तिच्यासमोर कुणी फटाके लावत नाही, हे उत्तर तिला दोन दिवसांनी सुचलं. तोवर हसणारे पांगले होते.

आज मात्र फटाके होते. शेवगावचे व्याही कारभारी यांनी बैठकीतच सांगितलं होतं, वरात निघेल ती मारुतीच्या देवळापर्यंत फटाक्यांच्या माळेवरून. आणि वरात या गाडीतून. नवरा-नवरी मागच्या बाजूला उंच बसणार, सगळ्या गावाला दिसावीत म्हणून. म्हणजे बरोब्बर डिकीवर. अश्विनी, तिची एकुलती एक पोर, त्या टाकीवर बसणार होती.

गेल्या उन्हाळ्यात जयमालानं नगर रस्त्याला एक गॅसवरची व्हॅन जळालेली पाहिली होती. सीटांच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. तेव्हापासून तिला झोपेत त्या स्प्रिंगा दिसत. हळदीच्या दिवशी राहवलं नाही, म्हणून तिनं नणंदेपाशी, भामाबाईपाशी, विषय काढला. भामाबाईनं तिच्या तोंडावर हातच ठेवला.

‘पोरीच्या अंगाला हळद हाय. असलं वंगाळ बोलू नगं वैनी.’

मग ती कुणाला बोलणार? हळदीच्या घरात वाईट शब्द काढायचा नाही, आणि नवरा तो हसण्यावारी नेतो. शेवगाव येईपर्यंत ती प्रत्येक खड्ड्याला सीटची कड धरत राहिली.

मांडवापाशी पोहोचल्यावर स्वागत झालं, विहीणबाईंनी पाय धुतले. भीमराज गाडी सावलीला लावतो म्हणून शेजारच्या शाळेच्या बोर्डिंगमधल्या लिंबाकडं घेऊन गेला, तो मंगलाष्टकं सुरू व्हायला आली तरी पत्ता नाही. आला तो कोपरापर्यंत काळा होऊन.

‘आजच्या दिवशी तरी हात धुवा,’ ती दात आवळून म्हणाली.

‘धुतो गं,’ तो म्हणाला. एरवी तो असा गुमान ऐकत नसे, पण तिचं लक्ष कुठं होतं?

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. उन्हं कलली तशी गाडी फुलांच्या माळा घालून मांडवाच्या दारात आली. अश्विनी आणि नवरदेव आदिनाथ वर चढून बसले. पोरीनं पाय सीटवर टेकले, शालू सावरला आणि आईकडं बघून हसली. जयमालाला हसता आलं नाही. समोर रस्त्यावर कारभाऱ्यांच्या भावकीतली पोरं माळ उलगडत होती. लाल माळ, गाडीच्या चाकापासून पार वळणापर्यंत.

एकानं काडी ओढली.

‘थांबा!’

आपण ओरडलो हे जयमालाला सगळे वळून बघायला लागल्यावर कळलं. वाजंत्री थांबली.

‘काय झालं विहीणबाई?’ कारभारी पुढं आले.

‘फटाके नकोत.’

‘आता? आवो, आनंदाचा दिस हाय.’

आदिनाथच्या आईच्या कपाळाला आठी पडली. भामाबाई मागून पदर ओढायला लागली. पण जयमाला माळ आणि गाडी यांच्यामध्ये उभी राहिली ती राहिलीच. म्हणोत काय म्हणायचं ते. व्याही रुसतील, गाव हसेल, पोरीला जन्मभर टोमणे मिळतील, पण पोर राहील.

भीमराज गाडीतून उतरला. त्याचा चेहरा पडला होता. त्यानं तिचा दंड धरून तिला गाडीच्या मागं नेलं, इकडंतिकडं पाहिलं आणि डिकीचं झाकण चार बोटं उचललं.

‘बघ.’

आत एक घडी घातलेली सतरंजी होती, आणि मोकळा सुटलेला पट्टा.

‘काढलीय,’ तो तिच्या कानाशी म्हणाला. ‘आल्याआल्या काढली. बोर्डिंगमागं गोठ्यात ठेवलीय. नुसत्या पेट्रोलवर हाय गाडी.’

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसूही यायला लागलं.

‘मग सांगायचं न्हाई व्हय? जीव गेला माझा!’

‘हळू बोल. छगन्याला कळलं तर लाज काढील. भीमराज आपल्याच गॅसला भ्याला म्हणतील.’

‘भ्यालात व्हय तुमी?’

‘लेक बसणार हुती वर,’ तो म्हणाला. ‘तिच्या जिवाशी खेळ करू का?’

तो पुढं जाऊन बसला. जयमालानं डोळे पुसले आणि ‘लावा, लावा’ असं हातानं सांगितलं. माळ कडाडली. धुरातून गाडी हळूहळू निघाली आणि तिची पोर वर बसून दोन्ही कानांत बोटं घालून हसत होती.

‘ऐक ऐक,’ काकासाहेब छगनला बाजूनं सांगत होते, ‘ऐक कशी सूं करती! गॅसवर गुरगुरच न्हाई रे गाडीला.’

‘गुरगुर कशाला पायजे काका? लोण्यावर सुरी चाललीय. गॅस तो गॅस!’

जयमालाला खुदकन हसू आलं. ती वरातीमागं चालत होती, कुणाशी बोलत होती, कुणाला पान देत होती. मारुतीच्या देवळापाशी येईस्तोवर, दिवाळीनंतर पहिल्यांदाच, तिला कसली म्हणून काळजी नव्हती. जोडपं पाया पडायला आत गेलं, आणि मोकळ्या गाडीजवळ उभी असताना त्याचं वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं.

आल्याआल्या काढली.

म्हणजे राहात्यापासून इथवर, जयमाला शेजारी बसली होती तेव्हा, टाकी डिकीतच होती. भामाबाईनं दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं ती हलली.

निरोप घेताना ती फार रडली. मायलेकीचं रडणं म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. टेम्पो वऱ्हाड घेऊन पुढं गेला. भीमराज गोठ्यातून टाकी खांद्यावर घेऊन आला. त्यानं ती डिकीत आडवी ठेवली, पट्टा आवळला, नळी बसवली, पान्यानं नट पिळला. वाकून एकदा हुंगलं आणि झाकण आपटलं.

‘चल, बस,’ हात पुसत तो म्हणाला. ‘अंधाराच्या आत श्रीरामपूर गाठू.’

जयमालानं सीटमागची आपली पिशवी काढून काखेत घेतली.

‘तुमी व्हा पुढं. मी यष्टीनं येते.’

‘आता गं काय झालं? लगीन पार पडलं ना नीट?’

‘पडलं.’

‘मग? आजवर बसत आलीस की!’

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याला खरंच काही कळलेलं नव्हतं.

‘व्हय,’ ती म्हणाली, ‘मी बसत आले.’

आणि पलीकडच्या पानवाल्याला स्टँडचा रस्ता विचारायला गेली.