स्वस्त दिसलं तर सांगा

"आसपास कुठेही यापेक्षा स्वस्त दिसलं तर सांगा, त्याच भावात देऊ!" हा फलक मोठ्या दुकानाच्या दारावर सहा वर्षं दिमाखात लटकतोय. सुरुवातीला त्यांनी पदरचा तोटा सोसून माल विकला आणि आमच्या रस्त्यावरची किराणा दुकानं एकेक करून गिळली. शेवटचं आमचं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शटर ओढलं आणि हाय खाल्ली, वर्षभरात गेले. मग मोठ्या दुकानाने भाव चढवले. आता मुकाट्याने द्यायचे, नाहीतर दोन बस बदलून लांबचा बाजार गाठायचा.

स्वस्त देणारं कुणी उरलंच नाही, म्हणून फलक काढायचं कुणाला सुचलं नाही. मला तो रोज सलायचा. त्याहून सलायचा तिथला मॅनेजर. हा पूर्वी साबणाच्या कंपनीचा सेल्समन. आमच्याच दुकानात चहा ढोसायचा, मला वहिनी म्हणायचा आणि आमचे भाव गुपचूप मोठ्या दुकानाला पोचवायचा. त्याबद्दल त्याला ही खुर्ची मिळाली.

गेल्या महिन्यात मी दुकान उघडलं. दुकान कसलं, एक टेबल! त्यावर तेल, तांदूळ, डाळ, प्रत्येकी पाच पिशव्या. पाटीवर भाव लिहिले ते आम्ही बंद केलं त्या दिवसाचे. आलेल्या बाईला माल द्यायचा नाही, भाव लिहून शिक्का मारलेली चिठ्ठी द्यायची आणि तिला समोर मोठ्या दुकानात पिटाळायचं.

पहिली गेली शेजारची शिंपीणबाई. कॅशियर कां कूं करायला लागला तशी तिने फलकाकडे बोट करून असा आवाज चढवला की सगळी रांग माना वळवून बघायला लागली. त्याने निमूट त्या भावात तेल दिलं. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीवाल्यांची रांग रस्त्यावर आली होती.

मॅनेजरने डोकं चालवलं. माझ्याकडे माल शिल्लक असेल तरच भाव लागू, अशी फलकाखाली बारीक अक्षरात अट होती. त्याने माणूस पाठवून सगळा माल विकत घेतला आणि माझं टेबल रिकामं केलं; रोख मोजणाऱ्याला नाही म्हटलं असतं तर माझा भावच खोटा ठरला असता. शेवटची पिशवी उचलायच्या आत मी शिंपीणबाईला चिठ्ठी देऊन पिटाळलं आणि त्याच्याच दुकानातून माझ्याच भावात ते पुन्हा भरलं. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा तो स्वतः आला.

"वहिनी, वरून फोन आलाय. हे थांबलं नाही तर मला काढतील. थोडा भाव वाढवा ना."

"फलक काढा की."

"तो हेड ऑफिसचा. मला हात लावता येत नाही. घरी दोन मुली आहेत हो."

वाटलं होतं, दया येईल. छे! जिवाला नुसता थंडावा मिळाला.

"मामंजी तुमच्या केबिनमध्ये हात जोडून हेच म्हणाले होते. तुम्ही काय म्हणालात?"

रांगेतल्या बायका जवळ सरकल्या.

"धंदा आहे, म्हणालो."

"ऐकू नाही आलं."

"धंदा आहे!"

मी पाटीवरचा तेलाचा भाव पुसला. त्याचा चेहरा उजळला. मग मी आणखी पाच रुपये उतरवून लिहिला, आणि नव्या भावाची पहिली चिठ्ठी त्याच्याच हातात ठेवली.

"घ्या. नोकरी गेली की घरी लागेल."