सोलोत सगळेच ओळखीचे

जावा बेटावरच्या क्लातेनहून सोलो शहराला जाणाऱ्या गाडीत पिनास्तीचं सगळं लक्ष आईकडे होतं, आणि आईचं बाबांकडे.

म्हणायला ही सहल होती, आईनेच ठरवलेली. नारळाच्या दुधात शिजवलेला लिवेत भात खायचा, गिटार-चेलोच्या साथीचं क्रोंचोंग गाणं ऐकायचं आणि परत. पण सहलीला कुणी आईसारखे ओठ आवळून जातं का? भूगोल शिकवणारे बाबा तीन वर्षं दर बुधवारी ‘गल्लीच्या गस्तीला’ जात होते. परवा गल्लीप्रमुखाच्या बायकोने आईला सहज सांगितलं, बुधवारी गस्तच नसते. शेजारीण म्हणाली, मी तर त्यांना सोलोच्या गाडीत चढताना बघते.

“बाई असणार,” आई पिनास्तीला म्हणाली होती. “तसं निघालं तर तुला घेऊन सरळ माहेरी जाणार.”

फुटपाथवरच्या चटईवर ते टेकतात न टेकतात तोच लिवेतवाली ओरडली, “अगोबाई, साहेब! किती दिवसांनी! नेहमीसारखंच ना?”

आईची मान गर्रकन वळली. “नेहमीसारखंच?”

“अगं, मी या बाईंना आज पहिल्यांदा बघतोय!”

“हो का? मग तुमची आवड त्यांना स्वप्नात दिसली वाटतं!”

बाबा घामाघूम. इतक्यात पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या लादलेले दोन गोरे पाहुणे आले. लिवेतवाली त्याच सुरात म्हणाली, “अगोबाई, मिस्टर! किती दिवसांनी! नेहमीसारखंच ना?”

पिनास्तीला असं हसू फुटलं की भाताचं शीत नाकात गेलं. आईसुद्धा हसली. अनोळखी माणसाला अनोळख्यासारखं वागवणं सोलोत उद्धटपणा समजतात, हे संशयाच्या भरात ती साफ विसरली होती.

संध्याकाळी गाण्याच्या खाणावळीत शिरताना आईची मान सैल झाली होती. दारावरचा म्हणाला, “किती दिवसांनी!” वाढपी तेच म्हणाला. हिरव्या केबाया ब्लाउजमधली गायिका टेबलाटेबलाशी जाऊन तेच म्हणत होती. त्यांच्यापाशी येऊन ती आईला म्हणाली, पिनास्तीला म्हणाली. बाबांना मात्र काही नाही. तिची नजर त्यांच्यावरून खांबावरून जावी तशी गेली.

आई मजेत खात होती. पिनास्तीचा घास मात्र तोंडातच राहिला. ज्या गावात परक्यालाही ओळख दाखवतात, तिथे ही बाई एकट्या बाबांनाच ओळख दाखवत नाही? म्हणजे ओळख नक्कीच आहे!

“पाहुण्यांपैकी कुणी एखादं गाणं देणार का?” गायिकेने माइकवरून विचारलं.

“मी!” पिनास्ती ताडकन उठली. मंचावर गायिका तिच्याकडे वाकली. “कुठल्या पट्टीत गाशील, पिनास्ती?”

नाव तर तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने गायिकेच्या हातातला माइक ओढून घेतला. “बाबा, वर या. तुम्हाला इथे कुणीतरी ओळखतं.”

आईचा चमचा खाली आला. बाबा उठले. चेहरा राखेसारखा. पण ते गायिकेकडे गेले नाहीत. चेलोच्या तारा छेडत बसलेल्या म्हाताऱ्याने मुकाट्याने स्टूल सोडलं आणि बाबा चेलो कवटाळून त्यावर बसले.

“बुधवारी मी इथे हे वाजवतो,” ते आईला म्हणाले. “तुझे वडील वाजवणाऱ्याला मुलगी देणार नव्हते. वाद्याला हात लावणार नाही असा शब्द दिला, तेव्हा लग्न झालं. तो शब्द मी मोडला. तू इथे येणार म्हटल्यावर यांना सांगून ठेवलं, मला ओळखू नका.”

“आणि लेकीचं नाव इतक्यांदा घेतात ना ताई,” गायिका ओशाळून म्हणाली, “की माझ्या तोंडून निसटलंच.”

“खरं की खोटं ते मी बघते,” आई म्हणाली. “आधी वाजवा.”

बाबांची पहिली तार चुकली. दुसरीही. मग बोटं सावरली, ढोलकीवर पडावीत तशी तारांवर नाचायला लागली, आणि पिनास्तीने मोठ्ठा श्वास घेऊन गाणं उचललं. आई डोळे बारीक करून ऐकत होती, बाजारात अंडं कानाशी हलवून बघते तशी.

गाणं संपलं. सगळे टाळ्या वाजवत होते. आई नाही.

“दर आठवड्याला वाजवल्याशिवाय हात असा चालत नाही,” ती अखेर म्हणाली. “शब्द माझ्या वडिलांनी मागितला होता. मी नाही. मला सांगायचंत.”

बाबांनी मान खाली घातली.

“पुढच्या बुधवारी मी येणार. अगदी समोर बसणार.”

“संशय म्हणून?”

“गाणं म्हणून.” आईने हिरव्या केबायाकडे एकवार बघून घेतलं. “आणि थोडा संशय म्हणूनही.”